पांढरी दोन

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख दे म्हणून संपादक मंडळातला आमचा मित्र महिनाभर मागे लागला होता. "कशावर लिहू?" असं विचारलं तर म्हणाला, "गॅदरिंगला तुम्ही दोघांनी ते जे काय वाजवलंत ना, त्याच्यावर लिही. ऐकून कुणाला काही कळलं नाही, निदान वाचून तरी कळेल." बोलणं खरं होतं, त्यामुळे राग आला नाही. तर मंडळी, हा लेख त्या 'जे काय'बद्दल आहे.

माझं गाव कोरेगाव. पुण्याच्या मुलांना दरवेळी सांगावं लागतं की बाबांनो, कोरेगाव पार्क नाही आणि कोरेगाव भीमाही नाही. हे सातारा जिल्ह्यातलं, पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं, वाघ्या घेवड्याचं कोरेगाव. शेजारी जरंडेश्वराचा डोंगर. गाडीत बसलं की रहिमतपूर, कराड, किर्लोस्करवाडी करत सांगली येते, आणि मग आपलं हॉस्टेल, आपली मेस आणि आपलं नशीब.

आमच्या घरी एक पेटी आहे. पेटी म्हणजे हार्मोनियम. ती आमच्या आजोबांची. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा शेतकरी माणूस. शाळा सातवीपर्यंत. पण पन्नास वर्षं गावातल्या भजनी मंडळात पेटीला तेच. मी लहानपणी बघायचो, भजन रंगलं की लोक बुवांच्या पाया पडायचे, मृदंगवाल्याला "वा! वा!" म्हणायचे. पेटीवाल्याला चहा मिळायचा, तोसुद्धा शेवटी. एकदा मी विचारलं होतं, "अण्णा, तुमचं कुणी नाव का घेत नाही?" ते म्हणाले, "आरं, भिंतीचं कोण नाव घेतंय? पडली की समद्यास्नी कळतं."

त्यांनीच मला सहाव्या-सातव्या वर्षी पेटीवर बसवलं. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन… पट्ट्यांची ही नावं मी बाराखडीबरोबरच शिकलो. दहावीपर्यंत वाजवत होतो. मग क्लास, मग सीईटी, मग इंजिनिअरिंग. हॉस्टेलच्या पहिल्या फॉर्मवर छंदांच्या रकान्यात मी लिहिलं, 'क्रिकेट व वाचन'. पेटी लिहिली नाही. सिनिअर लोक 'ए बुवा' म्हणून हाक मारतील अशी भीती वाटली. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा भीती खरी होती.

सेकंड इयरला तिसऱ्या सेमिस्टरमध्ये अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं आठवडाभरात परत आलं, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण उजव्या हाताची बोटं उघडेनात. पेटीवाल्याचा उजवा हात.

त्याच कार्तिकी एकादशीला वडिलांचा फोन आला. "मंडळात पेटीला कोणी नाही. सगळे तुझं नाव घेतायत. अण्णा काही बोलत नाहीत, पण येतोस का?" मी म्हणालो, "सबमिशन आहे." सबमिशन होतं, पण ते चार दिवसांनी होतं. खरं कारण वेगळंच होतं. त्यांच्या जागेवर, त्यांच्यासमोर, त्यांच्या पेटीवर मी बसायचं आणि त्यांनी बाजूला बसून बघायचं, हे मला झेपणार नव्हतं. त्या रात्री मंडळाने पेटीशिवाय भजन केलं. नंतर आई म्हणाली, "अण्णा अर्ध्यातून उठून आले." मी काहीच बोललो नाही. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितोय.

आता माझ्या पार्टनरची एंट्री. पार्टनर गोव्याचा, मडगावच्या बाजूचा. त्याच्या खाटेखाली बॅगेशेजारी एक काळी लांबट पेटी असायची. फर्स्ट इयरला आम्हाला वाटलं, काजू-फेणी असेल. निघालं व्हायोलिन. त्याच्याकडे ते घरोघरी असतं म्हणाला. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोर्तुगीज काळापासून पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत आले. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत जे गोवेकर वादक होते त्यांचं मूळ तिथंच. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधलं अँथनी गोन्साल्विस हे नाव आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या नावाचे खरेखुरे गृहस्थ होते, माजोर्ड्याचे, जन्म १९२७चा. ते संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने गुरूचं नाव असं गाण्यात ठेवलं. पार्टनरने हे सांगितल्यापासून ते गाणं लागलं की मी थोडा नीट बसतो.

तर यंदा गॅदरिंगच्या आधी पार्टनर म्हणाला, "मला कोरेल्ली वाजवायचा आहे. पण एकट्याने होणार नाही. हार्पसिकॉर्ड पाहिजे."

"ते काय असतं?"

त्याने फोनवर फोटो दाखवला. पियानोचा बारीक, हडकुळा भाऊ वाटावा असं वाद्य. आतली यंत्रणा मात्र आपल्या लोकांना आवडेल अशी आहे. पट्टी दाबली की आत एक उभी लाकडी पट्टी वर उचलली जाते. तिच्यात पक्ष्याच्या पिसाच्या दांडीची बारीक नखी बसवलेली असते. ती तारेला छेडून वर जाते, आणि खाली येताना तार पुन्हा वाजू नये म्हणून मागे सरकते. म्हणजे दिसायला पियानो, पण काम सतारीच्या नखीचं. पियानोत हातोडी तारेवर आपटते, म्हणून जोरात दाबलं की आवाज मोठा येतो. इथे जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच, आणि तोही चटकन विरतो. हातोडीचा पियानो इटलीत क्रिस्तोफोरीने १७००च्या सुमारास बनवला. त्याआधीची कितीतरी वर्षं युरोपच्या दिवाणखान्यांत राज्य या नखीवाल्याचंच होतं.

आणि कोरेल्ली? आर्कांजेलो कोरेल्ली, रोमचा व्हायोलिनवादक, १६५३ ते १७१३. त्याच्या काळी सोनाटा दोन जातींचे. एक चर्चमधला, गंभीर. दुसरा दिवाणखान्यातला, नाचांच्या चालींवर बांधलेला. आपल्याकडे देवळातलं भजन आणि घरातली बैठक, तसंच म्हणा ना. त्याच्या पाचव्या ग्रंथात असे १२ सोनाटे आहेत. पहिले सहा चर्चच्या धाटणीचे, पुढचे दिवाणखान्याचे, आणि शेवटचा बारावा म्हणजे 'ला फोलिया'. फोलिया म्हणजे वेड. हा मुळात पोर्तुगालकडचा जुना नाच. त्यामुळे पार्टनरचं म्हणणं, "हे आमचंच आहे, कोरेल्लीने नंतर घेतलं." गोवेकराशी वाद घालू नये.

त्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेवर तारीख आहे १ जानेवारी १७००. ती वाचली आणि मी साताऱ्याचा असल्याने डोक्यात दुसरंच काहीतरी वाजलं. १७००च्या जानेवारीत औरंगजेबाच्या फौजेचा अजिंक्यताऱ्याला वेढा पडला होता. १६९९च्या डिसेंबरात सुरू झालेला हा वेढा किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी एप्रिलपर्यंत झुंजवला. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले, त्यानंतर किल्ला मोगलांच्या हाती पडला. म्हणजे तिकडे रोममध्ये दिवाणखान्यात व्हायोलिन लागत होतं, आणि इकडे आमच्या डोक्यावरच्या डोंगराखाली सुरुंग ठासले जात होते. इतिहासाच्या पुस्तकात या दोन गोष्टी एका पानावर कधी येत नाहीत. पण साल तेच.

आता मुद्दा. पार्टनरने स्वरलिपीचा कागद माझ्यापुढे टाकला आणि मी चक्रावलो. वर व्हायोलिनची ओळ, नोटांनी गच्च भरलेली. खाली एकच बारीक ओळ, खर्जाची. तिच्यात मोजून काही सूर, आणि डोक्यावर कुठे ६, कुठे दुसरा आकडा, कुठे तीव्राची खूण.

"हार्पसिकॉर्डचा भाग कुठाय?"

"हाच."

"एवढाच?"

"बाकीचं तू भरायचं."

तर ही त्या काळची पद्धत. वाजवणाऱ्याला फक्त खर्जाचा सूर द्यायचा. वर आकडा नसेल तर त्या सुरापासून तिसरा आणि पाचवा सूर घ्यायचा, ६ असेल तर तिसरा आणि सहावा, खूण असेल तर तिसरा चढा. नेमकं काय वाजवायचं, किती वाजवायचं, कुठे तोडायचं, ते ज्याचं त्याने जागेवर ठरवायचं. लिहून दिलेलं नसतं. खर्जाच्या ओळीला चेलोसारखं मोठं तंतुवाद्य बहुतेक वेळा सोबत असतं, पण कोरेल्लीने मुखपृष्ठावर त्या वाद्याचं नाव देऊन पुढे 'किंवा हार्पसिकॉर्ड' असंही छापलंय. त्यामुळे आमचं दोघांत भागणार होतं. पार्टनरने माझ्याकडे बघितलं. "तुला पेटी येते ना? फर्स्ट इयरला झोपेत बोटं चादरीवर चालवायचास."

म्हणजे याला पहिल्यापासून माहीत होतं!

कॉलेजच्या कीबोर्डमध्ये हार्पसिकॉर्डचा आवाज आहे, तो लावला. राग शोधायच्या सवयीने मी आधी सा शोधला. सा निघाला पांढरी दोन. खर्जाची ओळ सरगममध्ये लिहून काढली तर ती अशी: सा, प, सा, कोमल नी, कोमल ग, कोमल नी, सा, प. पुन्हा तेच, फक्त या वेळी शेवट प वर न लोंबकळता सा वर येऊन बसतो. तीन-तीन मात्रांची १६ घरं. प वर आलं की शुद्ध नी लागतो, एरवी कोमल. दोन्ही निषाद. आणि हीच १६ घरं वीसहून जास्त वेळा फिरत राहतात. वर व्हायोलिन दरवेळी नवीन काहीतरी करतं, कधी संथ, कधी अंगावर येईल इतकं जलद. मी कागदाकडे बघतच राहिलो. अहो, हा तर लेहरा! तबलेवाला सोलो वाजवत असताना पेटीवाला तीच ओळ घोळवत बसतो, तो लेहरा. अण्णांनी आयुष्यभर हेच तर केलं. पुढे व्हिवाल्दीने १७०५मध्ये याच चालीवर सोनाटा छापला, आणि १९३१मध्ये रशियाच्या रखमानिनोव्हने पियानोवर हीच चाल घेतली. लेहरा एक, वाजवणारे पिढ्यान् पिढ्या.

एवढं कळलं म्हणजे जमलं असं वाटेल. पण पहिल्या तालमीत सगळा बट्ट्याबोळ. पार्टनर वाजवायला लागला की माझा उजवा हात आपोआप त्याची चाल पकडायचा. भजनात पेटी तेच करते ना, गाणाऱ्याच्या मागोमाग जाते. त्याने जागा घेतली की आपण घ्यायची. पार्टनर तिसऱ्यांदा थांबला आणि म्हणाला, "तू माझ्यामागे का येतोस? तू खाली थांब ना."

"थांबू म्हणजे काय करू?"

ते त्याला सांगता येईना. दोघेही वैतागलो. त्या रात्री मेसवरून आल्यावर मी गच्चीवर जाऊन घरी फोन लावला आणि आईला म्हटलं, अण्णांना दे. कार्तिकीनंतर आम्ही फोनवर 'जेवलास का, जेवलो' याच्यापुढे गेलो नव्हतो. मी सगळं सांगितलं. खर्ज, आकडे, १६ घरं. फोनवर सरगम म्हणून दाखवली. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, कळलं नसेल.

मग ते म्हणाले, "गाणाऱ्याची सावली व्हायचं येगळं, आन् घर व्हायचं येगळं. आमी सावली व्हतो. ह्यात तुला घर व्हायचंय. पोरगं किती का हुंदडंना, घर उठून त्याच्यामागं जात न्हाय. त्येला ठावं असतं, परत आलं की दार उघडंच हाय."

थोडं थांबून म्हणाले, "दिवा तेवढा लावून ठेव. लई वाजवू नगंस."

दुसऱ्या दिवशी मी अर्धे सूर कमी केले. डाव्या हाताने खर्ज, उजव्याने मोजके दोन-तीन सूर, एकदम न दाबता जरा फोडून, कारण हा आवाज लगेच विरतो. पार्टनरच्या जलद फेऱ्यांत मी जवळजवळ काहीच करत नव्हतो, फक्त प्रत्येक घराच्या दारात हजर असायचो. नववी-दहावी फेरी झाल्यावर तो वाजवता वाजवता हसला. तेव्हा कळलं, जमतंय.

एक गंमत सांगायची राहिली. ऐकायला म्हणून जुन्या वाद्यांवर वाजवणाऱ्यांचं रेकॉर्डिंग लावलं आणि सोबत कीबोर्ड धरला, तर पांढरी दोन जुळेचना. अर्धा सूर खाली! कीबोर्ड बिघडला वाटून मी तो दोनदा बंद करून चालू केला. मग कळलं की आपण ज्या सुराला ४४० हर्ट्झ धरतो, तो ही मंडळी बहुधा ४१५ला लावतात. ४४० भागिले ४१५ म्हणजे साधारण १.०६, आणि आपल्या कीबोर्डवरच्या शेजारच्या दोन सुरांचं गुणोत्तर म्हणजे दोनाचं बारावं मूळ, १.०५९५. म्हणजे बरोबर एका पट्टीचा फरक. तेव्हा त्यांची पांढरी दोन ही आमची काळी एक. आमचं भजनी मंडळ काळी एकमध्येच गातं.

हेच बारावं मूळ पेटीला भोवलं होतं बरं का. पेटीचे सूर ठोकून बसवलेले, त्यात मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी ३१ वर्षं पेटीवर बंदी घातली होती. अण्णांना हे माहीत आहे. ते म्हणतात, "रेडिओवर बंदी व्हती, देवळात कुठं व्हती?"

गॅदरिंगला आमचा नंबर दुसऱ्या दिवशी लागला, मिमिक्री आणि फिशपाँड यांच्या मधे. सगळा 'फोलिया' दहा-बारा मिनिटांचा. आम्हाला सात मिनिटं होती, म्हणून फेऱ्या गाळल्या. अनाउन्सरने 'कोरोला सोनाटा' असं नाव घेतलं, तिथेच हशा झाला. तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकांवरून "ओ, लाईट गेली काय?" अशी आरोळी आली. घाम फुटला होता. पण वाजवताना बोटं पांढरी दोनवर परत आली की वाटायचं, चला, घरी आलो. संपलं तेव्हा टाळ्या पडल्या, पुढच्या चार रांगांत जास्त, मागे बेताच्या. दाराशी मेसचे काका डब्यांवर टेकून उभे होते. नंतर ताटात भाजी वाढताना म्हणाले, "ते तारेचं चांगलं व्हतं. तू काय करत व्हतास रे तिथं?"

होळीला गावी गेलो. अण्णा सोप्यात कॉटवर बसलेले. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग त्यांच्या कानाशी धरलं. त्यांनी डोळे मिटले. उजवा हात मांडीवर तसाच मुठीत. डाव्या हाताचं बोट घरं मोजत होतं. संपल्यावर म्हणाले, "बाजा ग्वाड हाय पोराचा. पर तुझं काय ऐकू आलं न्हाय मला."

मी गप्प. मग ते म्हणाले, "म्हंजी नीट वाजीवलंस."

मला कार्तिकीचं सांगायचं होतं. सबमिशन खोटं होतं, हे सांगायचं होतं. तोंड उघडलं तेवढ्यात ते म्हणाले, "पेटी काढ."

पेटी कोनाड्यात होती, वर जुनं धोतर टाकलेलं. काढली, पुसली. उंदरांनी भात्याचा एक कोपरा कुरतडला होता, तो मिरजेहून दुरुस्त करून आणावा लागणार. मी पेटीमागे बसलो. अण्णा काठी टेकत खाली उतरले आणि माझ्यासमोर, पेटीच्या पलीकडे बसले. मला कळेना. त्यांनी डावा हात पुढे केला आणि भाता धरला.

"हा हात चालतोय की," म्हणाले. "वाजीव. काळी एक."

बोटं माझी, वारा त्यांचा. भाता जरा फाटका, त्यामुळे मधेच फुस्स व्हायचं. आई दारात येऊन उभी राहिली. मला बोलायचं होतं ते त्या दिवशी बोललोच नाही. संध्याकाळी मंडळातले दोघं येऊन गेले, येत्या एकादशीचं विचारत होते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आम्ही दोघं येतो."

त्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी इंटर्नल आहे. या वेळी खरंच आहे. पहाटेच्या गाडीने येईन. सरांनी पाच मिनिटं उशीर समजून घ्यावा, ही नम्र विनंती.